हनुवटी

चाळीस वर्षं लोकांनी माझ्या हातात माना दिल्या.
गिरणीवाल्या लोरिन्सने दिली, स्टेशनमास्तरने दिली,
पाद्रीबुवा तर उघड्या वस्तऱ्याखाली
खुशाल घोरायचे.
आणि ही सात महिन्यांची पोर
मला पंजा देत नाही.

माक तिचं नाव. आमच्याकडे खसखशीला म्हणतात.
काळीकुट्ट. तोंड कुठलं, शेपूट कुठली,
चालायला लागली की कळतं.
तिसा नदीपलीकडच्या ज्या कुरणावरून ती आली
तिथे दोघांनी दाबून धरून तिला भादरलं म्हणे,
मेंढ्यांच्या रांगेत, मेंढ्यांच्याच मशीनने.
तेव्हापासून घरात कुठे 'कच्' झालं,
मी कांदा चिरला, एतेल्काने दोरा तोडला,
की ही शेगडीमागे.

गंमत अशी की पुलीला कात्री लागतच नाही.
केसांच्या वळ्या पडू लागल्या
की बोटांनी एकेक फाडून सुट्टी करायची,
मुळापर्यंत, सावकाश,
नाहीतर अंगावर सलग घोंगडी होते
आणि खालची कातडी कुजते.
जन्मभर कात्री चालवलेल्या माणसाच्या नशिबी
हे जनावर!
एतेल्का दोन दिवस हसत होती.

गल्लीच्या टोकाला इबोया राहते, कुत्री शिकवते.
ती म्हणाली, देझ्यो बाची, आधी काहीच करू नका.
काहीच म्हणजे किती दिवस?
म्हणाली, ते ती सांगेल.
मांडीवर तळवा उताणा ठेवा, वाट बघा.
तिने हनुवटी टेकली तर सुरू करा.
उचलली की थांबा.
वळी अर्धी फाटलेली असली तरी?
अर्धी असली तर नक्कीच.

मग मी बसलो. तळव्यावर काळजाचा तुकडा,
म्हणजे डुकराच्या, माझ्या नव्हे.
पहिल्या आठवड्यात ती तुकडा घेऊन पळायची,
दुसऱ्यात तिथेच उभी राहून खायची.
तिसऱ्यात हनुवटी आली,
ओली, पावाच्या लहान गोळ्याएवढ्या वजनाची.
दुसऱ्या हाताने मी खांद्याला बोट लावलं.
मानेकडे नेलं. कानामागे.
तिने ओठ चाटले, तोंड फिरवलं,
डोळ्याचा पांढरा कोपरा दिसला मला.
दिसला, पण मी न दिसल्यासारखं केलं.
एवढीच वळी, म्हटलं.

दोन दिवस शेगडीमागे.
पुन्हा पहिल्यापासून तुकडा घेऊन पळणं.

त्या दोन रात्रींत मला दुकानातला एक मुलगा आठवला.
असेल पाच वर्षांचा. खुर्चीवर आडवी फळी टाकून
त्याला बसवलेलं, बापाने डोकं धरलेलं,
तो ओरडत होता आणि मी चार मिनिटांत मोकळा केला.
लोक म्हणाले, काय हात आहे देझ्योचा!
मलाही तसंच वाटलं.
त्याचं नाव आठवत नाही.
त्याच्या मानेवरचा काटा मात्र
बोटांना अजून आठवतो.
आता तो पन्नाशीचा असेल.
कुठेतरी आरशासमोर बसत असेल,
किंवा घरीच कापत असेल केस.

काल संध्याकाळी एतेल्का सूप ढवळत होती.
माक आली, बसली नाही, उभीच,
आणि हनुवटी टेकली.
मी श्वास आवरला.
डाव्या कानामागची एक वळी धरली,
मुळाशी दोन बोटं घालून हळूच ओढली.
कापड फाटतं तसा बारीक आवाज झाला.
ती थरथरली. हनुवटी तिथेच.
दुसरी वळी.
तिसरी निम्मी झाली तोवर
तळवा हलका झाला.

मी थांबलो.
ती दोन पावलं मागे गेली, माझ्याकडे बघत राहिली,
कुणीतरी दिलेली नोट
खरी आहे का बघावी तशी.

अडीच वळ्या. मोजल्या मी.
अंगावर अजून चारेकशे असतील,
आणि मला बाहत्तरावं लागलंय.
एतेल्का म्हणाली, सूप निवतंय.
मी म्हटलं, ओत.
एक हात तसाच मांडीवर होता, उताणा.